ढेकळ्या काय सांगतो?

बालमित्रांनो, कुत्रा आणि समुद्र ही जोडी तुम्ही चित्रांत पुष्कळदा पाहिली असेल. लांबच लांब वाळू, पांढऱ्या लाटा, पुढे कान उडवत पळणारा कुत्रा आणि त्याच्या मागे धावणारा एखादा मुलगा. लहानपणी मी असंच एक चित्र जुन्या कॅलेंडरवरून कापून वहीत चिकटवलं होतं. मला वाटायचं, कुत्रा पाळावा तो समुद्राकाठच्या माणसांनीच! बाकीच्यांनी नुसतं चित्र बघावं.

आणि मी राहते कुठे, तर वाशिंदला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात की टिटवाळा येतं, मग खडवली आणि मग आमचं वाशिंद. इथे समुद्र नाही. इथे भातसा नदी आहे. ही भातसा पुढे काळू नदीला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. म्हणजे आमच्या गावाजवळून गेलेलं पाणी शेवटी समुद्रातच पोचतं. समुद्राशी आमचं नातं एवढंच, पण आहे!

आणि कुत्रा? तोही आहे. त्याचं नाव ढेकळ्या.

हसलात ना? सगळेच हसतात. टॉमी, मोती, राजा अशी चांगली नावं सोडून ढेकळ्या कसलं नाव? सांगते.

जून २०२० मधली गोष्ट. आठवतंय ना, करोनाची साथ होती. शाळा बंद, बाजार बंद. लोकल तर मार्चपासूनच बंद झाल्या होत्या. स्टेशनवर माणूस नाही, म्हणजे वडापावच्या गाड्या नाहीत. आणि वडापाव नाही, म्हणजे त्याचे तुकडे खाऊन जगणाऱ्या फलाटावरच्या कुत्र्यांना खायला काही नाही. बिचारी स्टेशन सोडून गावात आणि शेतात भटकायला लागली. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्यानंतर काही दिवसांनी पहिला दणदणीत पाऊस पडला. रात्री गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन वलगणीला गेली. वलगण म्हणजे काय ठाऊक आहे? पहिल्या मोठ्या पावसात ओढे-नाले भरून वाहायला लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेनं वर चढतात आणि थेट भातशेतांत शिरतात. अंडी घालायला जातात ते. ती वलगण.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताचा बांध फुटला की काय ते बघायला आम्ही गेलो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. नांगरलेल्या शेतात मोठमोठी ढेकळं ओली होऊन पडली होती. एकाएकी ती ओरडली, "आई, ढेकूळ हललं!"

मी म्हटलं, "ढेकूळ कुठं हलतं का?"

"हललं! बघ, त्याला शेपूट पण आहे!"

जवळ जाऊन बघते तर खरंच! मातीच्या रंगाचं, चिखलात भिजलेलं, दीडदोन महिन्यांचं पिल्लू अंगाचं वेटोळं करून पडलं होतं. आई कुठेच दिसेना. मुलीनं त्याला फ्रॉकमध्ये गुंडाळलं. घरी सासूबाईंनी कोमट पाण्यानं पुसलं आणि चुलीजवळ पोत्यावर ठेवलं. दुधात भिजवलेली भाकरी खाऊन त्यानं पहिली ढेकर दिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घ्या! ढेकळ्या ढेकर देतोय!" झालं. तेच नाव राहिलं.

मला वाटलं होतं, कुत्रा पाळायचा म्हणजे त्याला दोन वेळा खाऊ घालायचं, अंघोळ घालायची, 'बस' म्हटलं की बसायला आणि 'गप' म्हटलं की गप व्हायला शिकवायचं. मी पडले शिक्षिका! शिकवायचं काम माझं आणि शिकायचं त्याचं. ढेकळ्या हुशार निघाला. आठवड्याभरात 'बस' शिकला. 'गप' शिकायला महिना लागला, पण शिकला. मग मात्र 'गप' म्हटलं की जीभ आत घेऊन बसायचा. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते करून दाखवायची.

त्याच शब्दानं एकदा माझी कशी फजिती झाली, नुसती फजिती नाही, कसा घात होता होता राहिला, ते आता ऐका.

पुढच्या वर्षीचा पावसाळा आला. ढेकळ्या आता वर्षाचा, चांगला उंचापुरा झाला होता. लावणीच्या दिवसांत तो आमच्याबरोबर शेतात यायचा. चिखलणी चालली की बांधावर बसून बगळ्यांवर नजर ठेवायचा. लावणी करणाऱ्या बायकांच्या मुठींतलं रोप हुंगायचा. बांधाच्या बिळात खेकडा दिसला की नाक घालायचा, खेकडा नांगी मारायचा आणि हा केकाटत माझ्याकडे यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बीळ, तोच खेकडा! घरी आला की पडवीत उभा राहून असं अंग झटकायचा, की भिंतीवर चिखलाची नक्षी उमटायची.

जुलैच्या विसाव्या तारखेला त्यानं शेजारच्या काकींची तलंग धरली. तलंग म्हणजे अंडी द्यायला लागलेली नसते अशी कोवळी कोंबडी. मेली नाही, पण पिसं उपटली गेली. काकी दारात आल्या. "मॅडम, आज पिसं उपटलीन, उद्या मान मोडील. बांधून ठेवा बाई त्याला." त्यांचं काय चुकलं? मी लोखंडी साखळी आणली आणि ढेकळ्याला परसात शेवग्याच्या झाडाला बांधलं. वर पत्र्याचा आडोसा होताच.

२१ जुलै २०२१. त्या रात्री आमच्या भागात पाऊस नुसता कोसळत होता. कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळी स्टेशन आहे. तिथे त्या रात्री पाणी इतकं चढलं, की रूळ दिसेनासे झाले आणि फलाटाला नदीचा काठ असल्यासारखं दिसत होतं. ते आम्ही दुसऱ्या दिवशी फोनवर पाहिलं. पण रात्री कुणाला काय माहीत? आम्ही दारं लावून झोपलो होतो.

मध्यरात्रीनंतर ढेकळ्या भुंकायला लागला. एक-दोनदा नाही, सारखा. मी कूस बदलली. तो भुंकतच होता. दिवसभर लावणी करून कंबर मोडलेली, डोळ्यांवर झोप. मी खिडकी उघडली आणि अंधारात जोरात ओरडले, "ढेकळ्या, गप!"

तो गप झाला.

मुलांनो, ही गोष्ट इथपर्यंत सांगितली, की माझा आवाज अजूनही थोडा खाली येतो. कारण तो खरंच गप झाला. मी शिकवलं होतं ना!

अर्ध्या-पाऊण तासानं सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांचा पाय पाण्यात पडला. आमच्या घरामागून एक नाला भातसेला जातो. एरवी नाल्याचं पाणी नदीत जातं. पण नदीच काठोकाठ भरली, की नाल्याला पुढे वाटच राहत नाही. मग पाणी मागे फुगत येतं आणि जिथे सखल जागा दिसेल तिथे शिरतं. तसं ते आमच्या घरात शिरत होतं. दिवे गेलेले. मग जी धावपळ झाली! तांदळाची पोती माळ्यावर, गॅसची टाकी पलंगावर, शाळेचं दप्तर आणि हजेरीपट पिशवीत. मुलीला यांनी खांद्यावर घेतलं, मी सासूबाईंचा हात धरला आणि आम्ही शेजारच्या काकींच्या स्लॅबच्या घरात, वरच्या मजल्यावर गेलो. तिथे बसून मी मोजलं: माणसं आली, तांदूळ वाचला, कागद वाचले, दागिन्याचा डबा आला. सगळं आलं.

मुलगी म्हणाली, "आई, ढेकळ्या कुठंय?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी हजेरीपट आठवणीनं आणला होता आणि साखळीनं बांधलेला जीव विसरले होते.

हे आणि शेजारचे नाना दोर आणि बॅटरी घेऊन परत पाण्यात उतरले. मी वरून बघत होते. बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरला आणि एका जागी थांबला. शेवग्याखाली आमचा धुण्याचा दगड आहे. त्या दगडावर ढेकळ्या मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढचे पाय झाडाच्या खोडाला टेकलेले. साखळी पाण्याखाली कशात तरी अडकून ताठ झालेली. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलेलं. तो भुंकत नव्हता. आमच्या खिडकीकडे बघत उभा होता.

साखळी निघेना, तेव्हा यांनी गळ्यातला पट्टाच कापला. नानांनी त्याला कडेवर घेतलं आणि वर आणलं. आल्या आल्या त्यानं अंग झटकून सगळ्यांना भिजवलं आणि कोपऱ्यात जाऊन पडला. त्या कोपऱ्यात काय होतं, माहीत आहे? काकींनी टोपलीखाली झाकून आणलेल्या कोंबड्या! त्यांतच ती पिसं उपटलेली तलंग. ढेकळ्यानं टोपलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहाटेपर्यंत टोपलीला पाठ लावून झोपला.

मला मात्र झोप आली नाही. नाना विडी ओढत म्हणाले, "पानी काय सांगून येतं का बाय?" मी काही बोलले नाही. कारण सांगून आलं होतं. ढेकळ्यानं सांगितलं होतं. मीच त्याला गप केलं होतं.

तुम्ही हाचिकोची गोष्ट ऐकली असेल. जपानमध्ये टोकियोच्या शिबुया स्टेशनवर तो रोज आपल्या मालकाला, एका प्राध्यापकांना, घ्यायला जायचा. १९२५ साली ते प्राध्यापक वारले. तरीही हाचिको १९३५ साली मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला. ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली होती आणि दरवेळी म्हटलं होतं, "बघा, कुत्रा किती इमानी!" पण कुत्रा वाट बघतो, तेव्हा आपण वेळेवर पोचलं पाहिजे, ही दुसरी बाजू माझ्या कधी लक्षातच आली नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन नियम झाले. पहिला: ढेकळ्याला साखळीनं बांधायचं नाही. कोंबड्यांचं काय, म्हणाल तर यांनी परसाला बांबूचं कुंपण घातलं आणि मी त्याला कोंबडीकडे न बघायला शिकवलं. कोंबडी दिसली की माझ्याकडे ये, मग भाकरीचा तुकडा मिळेल. दोन महिने गेले, पण शिकला. दुसरा नियम माझ्यासाठी: तो भुंकला, की आधी उठून बघायचं. मग काय ते बोलायचं.

आणि हा नियम पाळायला लागल्यावर मला एक गंमत कळली. कुत्रा वर्षभर काही ना काही सांगतच असतो! प्रत्येक ऋतूत वेगळं.

आश्विनात भात पिकायला लागतं. आधी हळवं, मग गरवं. लोंब्या वाकतात, शेताला तो गोडसर वास सुटतो. मग रात्री रानडुकरं येतात. एक कळप एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून जातो. ढेकळ्या माळ्याखाली झोपतो. माणसाला ऐकू येत नाही, दिसत नाही, पण याचं नाक वर होतं. वास घ्यायला आपल्या नाकात सुमारे पन्नास-साठ लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त! डुक्कर आलं की तो खोल आवाजात, थांबून थांबून भुंकतो. ससा असला की पातळ आवाजात घाईघाईनं. साप दिसला तर एका जागी उभा राहून, मागे सरकत. हे मी वहीत लिहून ठेवलंय. शाळेत आपण मुळाक्षरं शिकतो ना, तशी ही ढेकळ्याची मुळाक्षरं.

दिवाळीत तो भुंकत नाही. पलंगाखाली शिरून थरथरतो. आपल्याला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आपण ज्याला बारीक म्हणतो तो आवाजही त्याला स्पष्ट ऐकू येतो. मग सुतळी बॉम्बनं त्याचं काय होत असेल? पहिल्या दिवाळीत मला वाटलं, भित्रा आहे. आता आम्ही त्या चार दिवसांत खिडक्या लावतो, रेडिओ सुरू ठेवतो आणि मुलगी पलंगाजवळ बसून त्याला पुस्तक वाचून दाखवते. फटाके तिनं आपणहून सोडले. मी सांगितलं नव्हतं हं!

पौषात थंडी पडते. वाशिंदहून माहुलीचे सुळके सकाळी धुक्यातून वर आलेले दिसतात. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. पौष पौर्णिमेला सुरू होते, मोठा बैलबाजार असतो. तिथून आम्ही एकदा घोंगडी आणली. सासूबाईंसाठी आणली होती. आता तिचा अर्धा भाग ढेकळ्याचा आहे. शेतात वाल आणि हरभरा असतो, कापणी झालेल्या खाचरांत दवानं भिजलेला पेंढा असतो. चुलीतली राख निवली की ढेकळ्या तिच्याजवळ सरकतो. तो उठून लांब गेला, की समजायचं, राख पुरती थंड झाली. आता अंगण झाडायला हरकत नाही.

अशाच एका थंडीतल्या दिवशी माझ्या वर्गात एक मुलगा सारखा उठत होता. "बाई! बाई!" मी फळ्यावर बेरजा लिहीत होते. न बघताच म्हणाले, "गप बस." तो गप बसला.

खडू माझ्या हातातच राहिला. ती रात्र आठवली, ती खिडकी आठवली. मी मागे वळले आणि त्याच्याजवळ गेले. "काय रे, काय सांगत होतास?" त्यानं शेजारच्या मुलाकडे बोट दाखवलं. "बाई, याचं अंग लय तापलंय." तो पोरगा डोकं बाकावर टेकून कुडकुडत होता. हात लावला तर चटका बसला. घरी निरोप पाठवला, आई आली, दवाखान्यात घेऊन गेली. चार दिवसांनी तो बरा होऊन परत आला. मुलांनो, डी. एड.ला मला पुष्कळ काही शिकवलं होतं. पण 'गप' म्हणण्याआधी मागे वळून बघायला मला ढेकळ्यानं शिकवलं.

फाल्गुन-चैत्रात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर जमिनीवर पसरून वर माती टाकतात आणि पेटवतात. तणाचं बी जळून जातं आणि त्या जागेवर पुढे भाताचं रोप जोमानं येतं. धुराचा वास आला की ढेकळ्या शिंकत घराकडे पळतो. मग ऊन तापायला लागतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. धापा टाकताना जिभेवरची ओल उडून जाते आणि अंग गार होतं. पण त्यासाठी पाणी हवं. ढेकळ्याची पाण्याची थाळी रिकामी झाली, की तो ती नाकानं ढकलत माझ्या पायाशी आणतो. लोखंडी थाळीचा तो खर्रखर्र आवाज म्हणजे आमच्याकडची उन्हाळ्याची घंटा!

आणि या घंटेनं आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिली. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ सालचं. मोडकसागर आहे, भातसा आहे. मुंबईला जे पाणी मिळतं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसेचं. तरी आमच्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तेव्हाच बायकांचे हंडे भरतात. मुंबईत राहणाऱ्या मित्रांनो, तुमच्या नळाचं पाणी आमच्या डोंगरांतून येतं. नळ बंद करताना एकदा आमची आठवण काढा. आणि खिडकीत किंवा जिन्याखाली पाण्याची एक थाळी ठेवा. कुणी ना कुणी पिऊन जाईल.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मामाकडे जातो. माझा मामा केळव्याला राहतो, पालघर जिल्ह्यात. तिथे नारळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या आहेत, सुरूचं बन आहे आणि पुढे समुद्र! २०२३ च्या मेमध्ये मामा एका कामासाठी टेम्पो घेऊन आमच्याकडे आला होता. म्हणाला, "चला सगळे. आणि या तुमच्या मातीच्या गोळ्यालाही घ्या." वाडा, मनोर, पालघर करत आम्ही गेलो. मागच्या बाजूला गवतावर ढेकळ्या, त्याच्याजवळ मुलगी.

वहीत चिकटवलेलं ते चित्र मला वाटेत सारखं आठवत होतं. किनाऱ्यावर पोचलो आणि मी म्हटलं, "पळ ढेकळ्या!"

तो पळाला नाही. चार पावलं टाकून थांबला. समोर एवढं पाणी! ते पुढे येतंय, मागे जातंय. त्यानं आधी एक लाट चाटून बघितली आणि असं तोंड केलं, की आम्ही पोट धरून हसलो. मामानं बजावलं, "खारं पाणी पिऊ देऊ नका, ओकाऱ्या होतील." आम्ही घरून आणलेलं पाणी थाळीत ओतलं. मग तो लाटेवर भुंकला. लाट मागे गेली. त्याला वाटलं, आपण हाकललं! ऐटीत शेपटी वर झाली. पुन्हा लाट आली, पुन्हा भुंकला, पुन्हा गेली. वाळूत छोट्या खेकड्यांनी बिळं खणून वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. तिथे नाक खुपसून त्यानं आपल्या जुन्या मित्राची, नांगी मारणाऱ्या खेकड्याची, चौकशी केली. अगदी चित्रातल्यासारखी संध्याकाळ!

आम्ही सतरंजी टाकून चिवडा खात बसलो. थोड्या वेळानं ढेकळ्याचा आवाज बदलला. तो समुद्राकडे तोंड करून सारखा भुंकायला लागला. मग धावत आला, माझी ओढणी दातांत धरली आणि ओढायला लागला. मला सोडून मुलीकडे गेला, तिच्या पाठीला डोक्यानं ढुशी दिली. पुन्हा पाण्याकडे जाऊन भुंकला, पुन्हा आला. आजूबाजूची माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, "अहो ताई, आवरा त्याला."

'गप' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मुलगी आता सात वर्षांची झाली होती. ती म्हणाली, "आई, त्याला पूर वाटतोय."

मी पाण्याकडे बघितलं. भरती सुरू झाली होती. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे सगळं मी मुलांना शिकवते. पण ते ढेकळ्याला कसं माहीत असणार? त्याला एवढंच दिसत होतं, की पाणी वर येतंय, पुन्हा पुन्हा येतंय आणि आपली माणसं खाली बसून चिवडा खातायत. त्या रात्री तो एकटा बांधलेला होता. आज मोकळा होता, एका उडीत सुरूच्या बनात पळून गेला असता. पण तो आमच्याकडे आला होता.

मी उठले. "चला रे, सगळे उठा. सतरंजी उचला." मामा म्हणाला, "अगं, पाणी इथवर यायला अजून तासभर आहे." मी म्हटलं, "असू दे. तो सांगतोय ना, मग उठायचं." आम्ही सगळे वर, सुरूच्या झाडांखाली जाऊन बसलो. ढेकळ्यानं आमच्याभोवती एक फेरी मारली. जणू हजेरी घेतली! मग माझ्या पायांवर डोकं ठेवून आडवा झाला. मी त्याच्या गळ्यावरून हात फिरवला. तिथे आता सुती पट्टा असतो, एका झटक्यात सुटणारा. भातसेचं पाणी ज्या समुद्राला मिळतं, त्या समुद्राकडे बघत आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो.

मित्रांनो, ढेकळ्याच्या गोष्टी वाचून तुमच्यापैकी काही जण आजच घरी हट्ट धरणार, "आम्हाला पिल्लू पाहिजे!" जरूर धरा. पण आधी थोडा विचार करा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचावी लागते आणि पुढे दरवर्षी, न चुकता. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली आणि तो वाचला. तुमच्याच वयाचा मुलगा! कुठलाही कुत्रा चावला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची आणि घरात लपवायचं अजिबात नाही. पावसाळ्यात कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या मध्ये गोचीड शोधायचे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर नेण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघायची. आपल्याला सोसलं नाही, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. आणि हे सगळं दहा-बारा वर्षं करायचं. जमेल? मग आणा. नाही जमलं तरी हरकत नाही. गल्लीतला एखादा कुत्रा रोज लांबून बघा आणि तो कधी, कसा, कशासाठी भुंकतो ते वहीत लिहा. वर्षभरात तुमचीही मुळाक्षरांची वही तयार होईल.

हे लिहिता लिहिता बाहेर आभाळ भरून आलंय. रानात शेवळं उगवायला लागली असतील. पावशा ओरडतोय. उद्या-परवा वलगण होईल आणि आमच्या मातीच्या रंगाच्या कुत्र्याला आणखी एक पावसाळा बघायला मिळेल. आता तो पूर्वीइतका धावत नाही, तोंडावर दोन-चार पांढरे केसही आलेत. पण आवाज तोच आहे.

थांबा हं जरा. ढेकळ्या भुंकतोय. बघून येते.